रोकेयाबाईंचा वायुरथ

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे सहजच डोळ्यांपुढे आली. पण त्यांच्यावर आपल्या स्मरणिकेत पूर्वी लिहून झाले आहे. मी अशा विचारात असताना नातीने माझ्या हाती एक लहानसे पुस्तक आणून ठेवले. ही मुलगी चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर सदा अंतराळयाने, यंत्रमानव आणि परग्रहांवरच्या लढाया पाहत असते आणि त्याबद्दल माझी बोलणी खाते. विज्ञानकथा म्हणजे पुरुषांनी पुरुषांसाठी केलेले खेळणे, अशी माझी पक्की समजूत होती. ते पुस्तक एका बैठकीत वाचून संपले आणि माझी समजूतही संपली. ती कथा १९०५ साली, गोषात वाढलेल्या एका बंगाली स्त्रीने लिहिलेली होती. तिचे नाव रोकेया सखावत हुसेन.

रोकेयाबाईंचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद या गावी एका सधन जमीनदार घराण्यात झाला. हे गाव आता बांगलादेशात आहे. घरात पडदा इतका कडक की, पाचव्या वर्षापासून परक्या बायकांच्यासुद्धा दृष्टीस पडायचे नाही. एकदा पाहुण्यांकडच्या दासी घरी आल्या, म्हणून या चिमुरडीला माळ्यावर लपून चार दिवस काढावे लागले! मुलींना धर्मग्रंथ वाचण्यापुरते शिक्षण मिळे. बंगाली व इंग्रजी शिकण्याला विरोध होता. पण थोरले बंधू इब्राहिम यांनी, रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकविले आणि थोरली बहीण करीमुन्निसा हिने तिला बंगालीची गोडी लावली. आपल्यापैकी कितीजणींना असा भाऊ आणि अशी बहीण लाभली असेल?

पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते बिजवर होते, वयानेही बरेच मोठे होते. पण मनाने उदार होते. पत्नीने लिहावे, वाचावे यासाठी त्यांनी उत्तेजन दिले. त्यांना झालेल्या दोन मुली तान्हेपणीच गेल्या.

एकदा यजमान फिरतीवर गेले असताना वेळ घालविण्यासाठी रोकेयाबाईंनी इंग्रजीत एक कथा लिहिली. यजमानांनी ती परत आल्यावर उभ्या उभ्याच वाचून काढली. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगेझिन’मध्ये १९०५ साली ती छापून आली आणि १९०८ साली तिचे पुस्तक झाले. तीच ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा.

सुलताना आरामखुर्चीत डोळा लागून एका अजब राज्यात जाते. तिथे स्त्रिया मोकळेपणी हिंडतात आणि पुरुष मर्दान्यात बसून घरकाम करतात! स्वयंपाकघरात धूर नाही की कोळसा नाही. सूर्याची उष्णता साठवून त्यावर अन्न शिजते. एका स्त्री-विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा केला आहे, दुसऱ्याने ऊन साठविण्याची युक्ती काढली आहे. पुरुष याला हसत होते. पण शत्रू चालून आला आणि त्यांची शस्त्रे हरली, तेव्हा त्याच उन्हाचा झोत शत्रूवर सोडून स्त्रियांनी राज्य वाचविले. शेते विजेने नांगरली जातात, एकवीस वर्षांच्या आत कोणा मुलीचे लग्न होत नाही, आणि जाण्यायेण्यासाठी विजेवर चालणाऱ्या पंखांचा वायुरथ आहे. त्या काळी विमान आपल्या देशात कोणी पाहिलेसुद्धा नव्हते! चुलीपुढे डोळे चोळलेल्या बाईलाच सुचावे असे हे विज्ञान आहे.

परंतु स्वप्नातून जाग येतेच. १९०९ साली यजमान वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. त्याच वर्षी भागलपुरात पाच मुलींची शाळा सुरू झाली. ती तिथे टिकली नाही. मग रोकेयाबाई कलकत्त्यास आल्या आणि १९११ च्या मार्चमध्ये आठ मुली घेऊन त्यांनी पुन्हा शाळा उघडली. त्या घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत. शाळेसाठी स्वतः बुरखा पाळीत. मुलींना आणण्यासाठी गाडी हवीच, आणि ती पडद्याची हवी. मोटारगाडी आली, तीही चहूकडून बंद. वारा शिरायला वर अरुंद जाळी तेवढी. उकाड्याने आणि अंधाराने आत मुली घेरी येऊन पडू लागल्या. म्हणून झडपा उघडून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदा उडतो आणि मुली दिसतात, अशी धमकीची पत्रे आली. ही हकीकत त्यांनी १९३१ च्या ‘अवरोधबासिनी’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

मैत्रिणींनो, ही हकीकत वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले. आमच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा चार कोसांवर, गाडीची सोय नाही आणि मुलीला एकटी कशी धाडायची, म्हणून माझे शिक्षण तिथेच थांबले. वायुरथाची कल्पना करणाऱ्या बाईने एका मोटारीच्या पडद्यापायी एवढा मनस्ताप का सोसला, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

दैवाने त्यांना एक सुख मात्र दिले. १९३० साली, कथा लिहून पंचवीस वर्षे झाल्यावर, त्या खरोखरच विमानात बसल्या आणि पन्नास मैल उडून आल्या. त्या प्रवासावर त्यांनी बंगालीत लेखही लिहिला. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या निवर्तल्या. आदल्या रात्रीपर्यंत त्या स्त्रियांच्या हक्कांवरील एक लेख लिहीत होत्या. तो अपुराच राहिला.

त्यांची शाळा आजही कलकत्त्यास चालू आहे. बांगलादेशात ९ डिसेंबर हा ‘रोकेया दिन’ म्हणून पाळतात. २०२३ साली इसाबेल एर्गेरा या स्पॅनिश दिग्दर्शिकेने या कथेवरून स्फूर्ती घेऊन चित्रपट काढला. तोही चित्रांचा, काही भाग मेंदीच्या नक्षीसारखा रंगविलेला.

आपल्यातल्या काहीजणींच्या गच्चीवर आज सूर्यचूल आहे. तिच्यावरचा भात उतरविताना रोकेयाबाईंची आठवण करावी. आणि घरातली मुलगी परग्रहांच्या गोष्टीत रमली असेल, तर तिला रागे भरू नये. मी तरी आता भरत नाही. नातीच्या शेजारी बसून मीही ते चित्रपट पाहते. मात्र उद्या तिला शाळेत न्यायला गाडी वेळेवर येईल ना, हे आधी विचारून घेते.