लुसी विल्स

लुसी विल्स (१० मे १८८८ – एप्रिल १९६४) या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचे मूळ आहारातील उणिवेत आहे, हे त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या संशोधनातून दाखवून दिले. त्या अन्नघटकाला काही काळ ‘विल्स घटक’ म्हटले जात असे. तो घटक म्हणजेच फॉलिक आम्ल (फोलेट) होय.

शिक्षण

विल्स यांचा जन्म इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास १९११ मध्ये पूर्ण केला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस त्यांनी दक्षिण आफ्रिकेत परिचारिका म्हणून काम केले. त्यानंतर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. मात्र स्वतंत्र व्यवसाय न करता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात संशोधन व अध्यापन पत्करले.

मुंबईतील संशोधन

मुंबईतील गरीब स्त्रियांमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांमध्ये, गरोदरपणी तीव्र रक्तक्षय आढळत असे व त्यात अनेक माता दगावत. या रक्तक्षयात लाल पेशींची संख्या घटे आणि उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या मातामृत्यूविषयक चौकशीचा हा भाग होता.

आजाराचे कारण जंतुसंसर्ग असावा, ही शक्यता त्यांनी प्रथम तपासली. पण तिला आधार मिळाला नाही. मग त्यांनी स्त्रियांच्या राहणीची व आहाराची पाहणी केली. रुग्ण स्त्रियांच्या जेवणात प्रथिने, फळे व भाज्या यांची कमतरता आढळली. तशाच आहारावर ठेवलेल्या उंदरांना रक्तक्षय झाला व यीस्ट दिल्यावर तो टळला. परंतु उंदरांमध्ये उवांमुळे संसर्ग पसरल्याने हे निष्कर्ष निर्णायक मानता आले नाहीत. म्हणून त्यांनी हे प्रयोग माकडांवर पुन्हा केले. मार्माईट या स्वस्त यीस्ट अर्काने माकडे बरी झाली, तसेच रुग्ण स्त्रियाही बऱ्या झाल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळात त्यांनी कुन्नूर व मद्रास येथेही काम केले.

त्या वेळी ज्ञात असलेल्या कोणत्याही जीवनसत्त्वाने हा गुण येत नव्हता. दुसऱ्या प्रकारच्या घातक रक्तक्षयावर उपयोगी पडणारा यकृताचा शुद्ध अर्कही येथे निष्प्रभ ठरला. मात्र अशुद्ध अर्काने गुण येत असे. त्यावरून हा घटक वेगळा असल्याचे विल्स यांनी अनुमान काढले.

संशोधनाचे महत्त्व

१९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळे करण्यात आले. पुढे अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केले. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनए तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते. अस्थिमज्जेत पेशी सतत विभागत असल्याने त्याचा तुटवडा तेथे लवकर जाणवतो. त्याचा परिणाम केवळ लाल पेशींवर होत नाही. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकात नेहमीपेक्षा अधिक खंड दिसतात व पांढऱ्या पेशींची संख्याही घटू शकते. त्यामुळे आहार आणि रोगप्रतिकारक पेशी यांच्या संबंधाचे हे एक स्पष्ट उदाहरण मानले जाते.

याच संबंधाचा उलट्या दिशेने उपयोग सिडनी फार्बर यांनी केला. पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना त्यांनी फॉलिक आम्लाचे कार्य रोखणारे ॲमिनोप्टेरिन हे औषध दिले. त्यामुळे काही मुलांचा आजार तात्पुरता आटोक्यात आल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही कर्करोग व संधिवातावर वापरले जाते.

उत्तरायुष्य

लंडनला परतल्यावर विल्स यांनी १९४७ पर्यंत रॉयल फ्री रुग्णालयात काम केले. निवृत्तीनंतर त्यांनी जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे आहार आणि रक्तक्षय यांच्या संबंधाचा अभ्यास केला. त्या चेल्सी येथे मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. त्या अविवाहित होत्या. गर्भवती स्त्रियांना लोहाबरोबर फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याची पद्धत आज भारतासह अनेक देशांत रूढ आहे.