चुकीच्या निदानाआड दडलेला आजार शोधणाऱ्या डॉ. डोरोथी अँडरसन

भरपूर खाऊनही वजन न वाढणे, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच आणि वारंवार होणारा न्यूमोनिया. १९३०च्या दशकापर्यंत अशा अनेक बालकांच्या मृत्यूची नोंद 'सिलिअॅक' या पचनविकाराच्या नावावर होत असे. त्यांचा आजार वेगळाच आहे, हे सिद्ध करण्याचे श्रेय डॉ. डोरोथी अँडरसन यांना जाते.

१५ मे १९०१ रोजी अमेरिकेतील अॅशव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये वडील निवर्तले. आजारी आईची शुश्रूषा एकुलत्या एका मुलीवर येऊन पडली. १९२० मध्ये आईचेही निधन झाले. तशाही परिस्थितीत त्यांनी १९२६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून वैद्यकीय पदवी मिळवली. शल्यविशारद होण्याची त्यांची मनीषा होती. पण स्त्री असल्यामुळे ते प्रशिक्षण नाकारले गेले आणि त्या विकृतिशास्त्राकडे वळल्या.

१९३५ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या. सिलिअॅकने दगावल्याचे मानल्या गेलेल्या एका बालकाच्या शवविच्छेदनात त्यांना स्वादुपिंड विकृत झालेले दिसले. अपवाद म्हणून तो विषय त्यांनी सोडून दिला नाही. जुने अहवाल व वैद्यकीय साहित्य धुंडाळून त्यांनी ४९ बालकांची माहिती जमवली आणि १९३८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हाच सिस्टिक फायब्रोसिस. यात शरीरातील स्राव घट्ट होतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबल्याने पाचकरस आतड्यात पोहोचत नाहीत, तर फुप्फुसात साचलेल्या चिकट कफामुळे जंतुसंसर्ग बळावतो.

मृत्यूनंतरच्या निदानावर त्यांचे समाधान झाले नाही. लहान आतड्यातील द्रव तपासून जिवंत बालकांतही रोग ओळखण्याची पद्धत त्यांनी अवलंबली. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यासच हा आजार होतो, हे १९४६च्या त्यांच्या अभ्यासाने सूचित केले. १९४८च्या उष्णतेच्या लाटेत हीच बालके अधिक कोलमडत असल्याचे आढळले. त्यातून त्यांचे सहकारी डॉ. पॉल डी सांट'अग्नीज यांनी घामातील जादा मिठाचा शोध लावला. घामाची चाचणी आजही निदानाचा मुख्य आधार आहे.

सुतारकाम आणि डोंगरभटकंती यांत रमणाऱ्या या विदुषीच्या अव्यवस्थित वेशभूषेवर टीका होई. त्यांनी तिची पर्वा केली नाही. १९५२ मध्ये त्या विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. ३ मार्च १९६३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

या रोगाचे जनुक १९८९ मध्ये सापडले. मूळ दोषावर काम करणारी तीन औषधांची एकत्रित गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतीयांत मात्र हा आजार नसतोच, असा समज दीर्घकाळ होता आणि आजही येथे निदानाला विलंब होतो. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या, वाढ खुंटलेल्या बालकाच्या बाबतीत पहिल्याच निदानावर न थांबणे, हा अँडरसन यांच्या कार्याचा धडा म्हणूनच येथेही मोलाचा आहे.