मातीचा सेवक : डॉ. सेल्मन वाक्समन

पायांखालची माती आपण नित्य तुडवितों. परंतु तिलाच गुरु मानून तिच्या सेवेंत आयुष्य वेंचणारे पुरुष विरळा. परक्या देशांत अशी सेवा करून जगास एक अमोल औषध देणाऱ्या डॉ. सेल्मन वाक्समन यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

वाक्समन यांचा जन्म सन १८८८ मध्यें, तत्कालीन रशियन साम्राज्यांतील व हल्लीं युक्रेनमध्यें असलेल्या नोवाया प्रिलुका ह्या गांवीं, एका यहुदी कुटुंबांत झाला. त्यांची धाकटी बहीण घटसर्पानें बालपणींच दगावली. त्या राज्यांत यहुदी विद्यार्थ्यांस विश्वविद्यालयांत मोजक्याच जागा मिळत. म्हणून १९१० सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, ते अमेरिकेस गेले व न्यू जर्सी प्रांतांत एका नातलगाच्या शेतावर राबूं लागले.

वैद्य व्हावें, असा विचार त्यांच्या मनांत घोळत होता. परंतु जवळच्याच रटगर्स कॉलेजांत जेकब लिपमन नांवाचे अध्यापक होते. तेही रशियन साम्राज्यांतूनच आलेले. त्यांनीं ह्या नवागतास कृषिशास्त्राचा मार्ग दाखविला. शिष्यवृत्ति मिळून १९११ सालीं अध्ययनास आरंभ झाला. शेतांत चर खणावा, निरनिराळ्या खोलीवरील माती घ्यावी व तींतील सूक्ष्म जीव वाढवून पाहावे, हा त्यांचा उद्योग. १९१५ च्या सुमारास त्यांस बुरशीसारखी दिसणारी एक करडी जंतुजाति आढळली. तिचे गुण त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हते. १९१६ सालीं ते अमेरिकेचे नागरिक झाले. १९१८ सालीं कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाची डॉक्टरची पदवी घेऊन ते रटगर्सला परतले व मातींतील जीवसृष्टीच्या अभ्यासांत गढून गेले.

१९३९ सालीं त्यांचे शिष्य रने द्यूबो यांनीं मातींतील एका जंतूपासून रोगजंतुनाशक द्रव्य मिळविलें. तेव्हां वाक्समन यांनींही शिष्यांसह तशा जंतूंची पद्धतशीर छाननी आरंभिली. १९४३ सालीं ॲल्बर्ट शॅट्झ ह्या तेवीस वर्षांच्या शिष्यानें तळघरांतील प्रयोगशाळेंत खपून, त्याच करड्या जातीच्या जंतूंपासून स्ट्रेप्टोमायसीन शोधून काढलें. ज्या क्षयापुढें पेनिसिलीनचेंही कांहीं चालत नव्हतें, त्यावर हें पहिलेंच गुणकारी जंतुनाशक औषध ठरलें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. श्रेय व उत्पन्न यांवरून गुरुशिष्यांत वितुष्ट आलें. १९५० सालीं शिष्यानें न्यायालयाची पायरी चढली आणि त्याच वर्षींच्या तडजोडीनें तो सहसंशोधक म्हणून मान्य झाला. १९५२ चें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या गुरूस मिळालें. वाक्समन यांनीं आपल्या वांट्याच्या उत्पन्नाचा निम्मा भाग सूक्ष्मजंतुशास्त्राच्या कार्यास दिला, हें त्यांचें औदार्य खरेंच. तथापि ज्यांस एका वडीलधाऱ्यानें हात देऊन वर घेतलें, त्यांच्याकडून आपल्या शिष्यास पुरतें श्रेय मिळूं नये, ह्याचा आम्हांस खेद वाटतो.

१६ ऑगस्ट १९७३ रोजीं वाक्समन निवर्तले. वैद्यकी सोडून मातीकडे वळलेल्या ह्या पुरुषाच्या हातीं मातीनेंच औषध दिलें. विद्यार्थ्यांनो, त्यांची चिकाटी अंगीं बाणवा. आणि यश आलें म्हणजे शेजारीं खपणाऱ्याचें नांव आपल्या नांवाबरोबर घेण्यास विसरूं नका.