लुई रेनो : मागल्या चाकांना बळ देणारा यंत्रकार

बिबवेवाडीहून सातारा रस्त्याला लागून कात्रजचा घाट चढणारी मालमोटार वाचकांनी पुष्कळदा पाहिली असेल. तिच्या पोटाखाली, पुढील इंजिनाकडून मागील चाकांच्या आसाकडे गेलेला एक लांब पोलादी दांडा गरगर फिरत असतो. गॅरेजमधील मिस्त्री त्याला नुसते शाफ्ट म्हणतात. इंजिन पुढे, जोर मागल्या चाकांना आणि दोहोंमध्ये हा सरळ दांडा, ही रचना इतकी परिचयाची झाली आहे की, तिलाही कोणी जनक असेल असे सहसा मनात येत नाही. ती ज्याच्यामुळे सर्वत्र रूढ झाली, त्या पुरुषाचे नाव लुई रेनो. त्याच्या चरित्राचा पूर्वार्ध जितका तेजस्वी, तितकाच शेवट खिन्न करणारा आहे.

लुईचा जन्म फेब्रुवारी १८७७ मध्ये पॅरिस येथे एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. कापड व गुंड्या यांचा त्या घराण्याचा व्यापार होता. थोरले बंधू मार्सेल व फेर्नां हे व्यवहारदक्ष होते. धाकट्या लुईचे चित्त मात्र पुस्तकात रमेना. वाफेच्या गाड्या बनविणाऱ्या सेर्पोले या कारागिराच्या गाडीत त्याला लहानपणीच बसावयास मिळाले आणि तेव्हापासून यंत्रांचे वेड त्याच्या डोक्यात शिरले. तंत्रविद्येच्या एका नामांकित विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला. (आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातील तेवढाच भाग लक्षात ठेवू नये!) पॅरिसलगतच्या बियांकूर गावी या कुटुंबाचे एक घर होते. तेथील बागेच्या कोपऱ्यात लाकडी खोपट होते, तेच लुईचे खरे विद्यालय झाले.

लष्करातील सक्तीची नोकरी संपवून १८९८ मध्ये तो घरी आला, तेव्हा त्याचे वय २१ वर्षांचे होते. त्याच्याजवळ द दियों-बुतों कंपनीची पेट्रोलवर चालणारी एक तिचाकी होती. तिचे इंजिन मागील आसाजवळ बसविलेले असे. लुईने ती मोडून तिच्यातून चार चाकांची छोटी गाडी तयार करण्यास घेतले. इंजिन त्याने पुढे आणले. पण गाडी चालवावयाची ती मागल्या चाकांनीच. मग पुढचा जोर मागे न्यावयाचा कसा?

त्या काळी बहुतेक मोटारींत हे काम चामड्याचे पट्टे किंवा सायकलीसारख्या साखळ्या करीत. पट्टा पावसात घसरे. साखळीत धूळ बसे, ती कर्कश वाजे, आणि ऐन चढावर तुटली तर प्रवाशांनी खाली उतरून गाडी ढकलावी! लुईने साखळीला रजा दिली. इंजिनामागे गिअरची पेटी, तिच्यातून निघालेला सरळ दांडा, दांड्याला खाचखळग्यांत वाकता यावे म्हणून फिरते सांधे, आणि शेवटी मागील आसावर दातेरी चक्रांची जोडी, असा त्याने मार्ग आखला. दांड्याचा उपयोग करणारा तो पहिलाच होता असे नाही. त्याचे खरे कौशल्य गिअरच्या पेटीत होते. पहिल्या दोन गिअरांत जोर बाजूच्या दुसऱ्या दांड्यावरून फिरून येई. परंतु तिसरा गिअर टाकताच इंजिनाचा दांडा व मागे जाणारा दांडा एकमेकांत अडकून जणू एकच होत. मधल्या दातेरी चक्रांतून जाताना जो जोर घर्षणात वाया जाई, तो वाचला, आणि आवाजही पुष्कळ कमी झाला. ज्या इंजिनाचे बळ दोन अश्वशक्तींहूनही कमी, त्याला असा वाचलेला कण न् कण मोलाचा होता.

नाताळच्या आदल्या रात्री, २४ डिसेंबर १८९८ रोजी, लुई ही गाडी घेऊन पॅरिसमध्ये मित्रमंडळींत गेला. मोंमार्त्र टेकडीवर जाणाऱ्या लेपिक नावाच्या रस्त्याला शंभर हातांमागे सुमारे तेरा हात चढ आहे. एवढीशी गाडी तो काय चढणार, असे म्हणून पैज लागली. गाडी चढली. चढावर वाहनाचा भार आपोआप मागे सरकतो व मागल्या चाकांची जमिनीवरील पकड वाढते. मागून ढकलली जाणारी गाडी अशा वेळी इमानाने चालते, यालाही त्या विजयाचे थोडे श्रेय द्यावयास हवे. त्याच रात्री लुईला बारा गाड्यांची मागणी मिळाली. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्याने आपल्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि बंधूंनी रेनो बंधू या नावाने कारखाना उभा केला. पुढे इतर कारखानदारांनी तीच रचना उचलली, तेव्हा त्याने कोर्टात जाऊन त्यांच्याकडून रीतसर मोबदला वसूल केला.

मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद अशी मोटारींची शर्यत झाली. मार्सेल व लुई दोघेही तीत उतरले होते. वाटेत मार्सेलची गाडी उलटली व दोन दिवसांनी तो मरण पावला. लुईने शर्यत तर सोडलीच, पण त्यानंतर स्वतः कधी शर्यतीत गाडी हाकली नाही. १९०९ मध्ये फेर्नांही गेला. ३२ वर्षांचा लुई प्रचंड कारखान्याचा एकटा धनी झाला. तो मितभाषी, हट्टी आणि कामगारांशी कठोर होता. घड्याळ लावून काम मोजण्याच्या त्याच्या पद्धतीविरुद्ध १९१३ मध्ये मोठा संप झाला.

सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ आले, तेव्हा सुमारे सहाशे भाड्याच्या मोटारी शिपायांना घेऊन मार्न नदीकडील रणांगणावर धावल्या. त्यांतील बहुतेक रेनोच्या होत्या. मौज अशी की, त्यांचे मीटर चालूच होते व सरकारने भाडेही चुकते केले. लढाईचा निकाल काही या मोटारींनी लावला नाही. पण लुईचे नाव घरोघर पोचले. त्याच्या कारखान्याच्या छोट्या रणगाड्यांनी १९१८ मध्ये मोठी कामगिरी बजावली.

१९३४ मध्ये त्याचा प्रतिस्पर्धी आंद्रे सित्रोएन याने पुढल्या चाकांनी ओढली जाणारी मोटार बाजारात आणली. तिच्या खर्चाने सित्रोएन बुडाला व १९३५ मध्ये वारला. मोटार मात्र उत्तम ठरली. लुई आपल्या मागल्या चाकांना सोडून हलला नाही. तरुणपणी ज्याने जुनी साखळी तोडली, त्याला उतारवयात स्वतःचा दांडा तोडवेना.

१९४० मध्ये फ्रान्स पडला. लुईच्या कारखान्यातून जर्मन सैन्यासाठी मालमोटारी निघू लागल्या. यंत्रे व कामगार जर्मनीस नेले जाऊ नयेत म्हणून त्याने हे पत्करले, असे त्याचे पाठीराखे सांगतात. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी बियांकूरवर बॉम्ब टाकले व शेकडो माणसे प्राणास मुकली. त्या मृतांच्या गावी कारखाना पुन्हा उभारून त्याच मालमोटारी करीत राहणे, हे नुसत्या यंत्रांच्या काळजीने समर्थनीय ठरते असे आम्हांस वाटत नाही. पॅरिस मुक्त झाल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये लुईला अटक झाली. तेव्हा त्याची वाचाही जवळजवळ गेली होती. खटला उभा राहण्यापूर्वीच, २४ ऑक्टोबर १९४४ रोजी, तो मरण पावला. त्या मृत्यूविषयी फ्रान्समध्ये पुढे पुष्कळ वाद झाला. जानेवारी १९४५ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला.

युद्धकाळात त्याच्या कारागिरांनी गुपचूप आखलेली छोटी मोटार १९४६ मध्ये लोकांसमोर आली. तिचे इंजिनही मागे व जोरही मागल्याच चाकांना होता. १९६१ मध्ये मात्र रेनो कंपनीने पुढल्या चाकांनी चालणारी छोटी मोटार काढली, आणि २००७ मध्ये महिंद्र कंपनीच्या भागीदारीत आपल्या नाशिकला जी लोगान तयार होऊ लागली, तिच्या पोटाखाली तो लांब दांडा नव्हताच.