रात्रीच्या लाल आभाळाचा हिशेबनीस

अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी आभाळ तांबडे होते, कारण तिरप्या किरणांतला निळा रंग हवेत विखरून जातो आणि तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. पण भर रात्री आभाळ लाल झाले तर? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईकरांनी ते पाहिले. तो होता ध्रुवप्रदेशातला अरोरा.

नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस तेव्हा बारा वर्षांचे होते. पुण्यात अभियांत्रिकी आणि एडिंबरोत विज्ञान शिकून ते १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा लोट आला की चुंबकसुया थरथरतात. तेच वादळ दोनशे किलोमीटरहून उंचावरच्या ऑक्सिजनच्या अणूंना चेतवते आणि आभाळ लाल होते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. शहराला त्या हव्याच होत्या. पण त्यांच्या विजेने सुया बहकल्या असत्या आणि साठ वर्षांचे खाते बिघडले असते. मूस यांनी मार्ग काढला तो अलिबागचा. १९०४ मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड वर्ज्य. आपला काळा दगडही चुंबकीय, म्हणून दगड आणला पोरबंदरचा. जागा बदलली की आकडे बदलतात. तेव्हा दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन फरक काढला आणि जुने खाते नव्याला जोडले. मगच, १९०७ मध्ये, मुंबईत विजेची ट्राम धावली.

१८४६ ते १९०५ च्या नोंदी मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले.

सप्टेंबर १८५९ च्या महावादळाचा जोर शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये नव्याने मोजला, तो कुलाब्याच्या नोंदींवरून. त्या दिवशी चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाली होती. मूस यांचा जन्मही त्याच वर्षीचा. असे वादळ आज आले तर वीजपुरवठा आणि उपग्रह कोलमडू शकतात. किती तयारी हवी, हे अशाच जुन्या नोंदी सांगतात.

मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले येथे रात्रीचे आभाळ लाल झाले, तेव्हाही अलिबागला नोंद चालूच होती. मूस यांनी खाते बंद पडू दिले नाही, म्हणून आजच्या वादळाची कालच्याशी तुलना करता येते.