होमी भाभा आणि अदृश्य किरणांची मोजदाद

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेतले की तुर्भ्याच्या अणुभट्ट्या, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आल्प्स पर्वतातील तो दुर्दैवी विमान अपघात यांचे स्मरण होते. भारताच्या अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो, आणि तो यथार्थच आहे. तथापि त्यांच्या कार्याची एक बाजू तुलनेने उपेक्षित राहिली. डोळ्यांना न दिसणारे किरण पदार्थात किती खोलवर जातात, तेथे काय घडवतात आणि त्यांचा हिशेब कोणी व कसा ठेवावयाचा, हा प्रश्न भाभांच्या आयुष्यात प्रथम शास्त्रज्ञ म्हणून आला आणि पुढे प्रशासक म्हणून. पहिल्या भूमिकेत त्यांनी त्याचे उत्तर गणिताने दिले. दुसऱ्या भूमिकेतील त्यांचे उत्तर मात्र अपुरे राहिले.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे उद्योग, संगीत, चित्रकला आणि ग्रंथ यांच्या सहवासात होमींचे बालपण गेले. कॅथेड्रल स्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा शिक्षणाचा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची अपेक्षा. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अखेर पितापुत्रांत तडजोड झाली. १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर त्यांना गणित आणि भौतिकशास्त्राची वाट मोकळी झाली. पोलादाचे शास्त्र आणि किरणांचे शास्त्र यांची अशी एकाच माणसात पडलेली गाठ पुढे उपयोगी ठरणार होती.

शिशाच्या पत्र्यातील हिशेब

त्या काळी अंतराळातून पृथ्वीवर येणारे विश्वकिरण हे भौतिकशास्त्रातील मोठे कोडे होते. शिशाच्या जाड पत्र्यातून जाताना एका कणामागे अचानक अनेक कणांचा वर्षाव होतो, असे प्रयोगांत दिसत असे. १९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी त्याची उकल केली. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की तो ऊर्जावान किरण बाहेर टाकतो. त्या किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते, ती जोडी पुन्हा किरण टाकते, आणि ऊर्जा संपेपर्यंत ही साखळी वाढत जाते. किती जाडीच्या पत्र्यात किती कण सापडतील, याचा अंदाज या सिद्धांतामुळे बांधता येऊ लागला. त्याआधी १९३५ मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या विकिरणाचे जे गणित भाभांनी मांडले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९३९ मध्ये सुटीसाठी भारतात आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचा विभाग उभारला. १९४५ मध्ये टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि भाभा मुंबईस परतले. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि त्याच्या अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडेच आली.

तुर्भ्याची निवड

१९५४ मध्ये अणुऊर्जा केंद्रासाठी तुर्भ्याची निवड झाली, तेव्हा मुंबईचे पूर्व उपनगर आजच्यासारखे गजबजलेले नव्हते. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस टेकडी आणि पायथ्याशी कोळीवाडे, असा तो परिसर होता. समुद्राचे पाणी हाताशी आणि टेकडीचा आडोसा, ही जागेची जमेची बाजू. तेथील वृक्ष तोडण्याऐवजी शक्य तेथे उपटून दुसरीकडे लावावेत, यावर भाभांचा कटाक्ष असे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे ‘अप्सरा’ ही आशियातील (सोव्हिएत संघ वगळता) पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. पाण्याच्या तलावात बुडवलेल्या या भट्टीचे इंधन ब्रिटनहून आले, बांधणी मात्र भारतीय शास्त्रज्ञांनी साधारण वर्षभरात पूर्ण केली. पाठोपाठ १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची ‘सायरस’ सुरू झाली. ‘सायरस’ ज्या भट्टीच्या धर्तीवर बांधली गेली, त्या कॅनडातील एनआरएक्स भट्टीला डिसेंबर १९५२ मध्ये गंभीर अपघात झाला होता. तिचे पात्र इतके बिघडले की ते काढून नवे बसवावे लागले. भट्टीतील इंधन बदलता येते, नळ्या बदलता येतात, परंतु गाभा सामावणारे पात्र हे तिचे मर्मस्थान होय, हा धडा त्या घटनेने जगाला दिला.

किरणांपासून माणसांचे रक्षण करण्याच्या कामाला भाभांनी आरंभापासून स्वतंत्र स्थान दिले. त्यासाठी तुर्भ्याला आरोग्य भौतिकीचा विभाग उभा राहिला आणि डॉ. ए. के. गांगुली यांनी त्याची घडी बसवली. फेब्रुवारी १९६० मध्ये भाभांनी एक आदेश काढला. किरणोत्सारी पदार्थ हाताळताना कामगारांस वा अन्य कोणासही इजा होता कामा नये, इतकेच नव्हे तर देशातील इतर संस्थांनी अनुकरण करावे असा आदर्श येथे निर्माण व्हावा, अशी त्यांची अपेक्षा त्यात व्यक्त झाली होती. १९६२ मध्ये ‘अप्सरा’, ‘सायरस’ आणि ‘झर्लिना’ या तिन्ही भट्ट्यांच्या सुरक्षेची छाननी करण्यासाठी डॉ. ए. एस. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

पोलादाचे वय

त्याच सुमारास तारापूरच्या वीजकेंद्राची बोलणी चालू होती. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या देशात आल्या. १९६९ मध्ये त्यांची वीज मिळू लागली, ते पाहण्यास मात्र भाभा हयात नव्हते. तुर्भ्याच्या संशोधन भट्ट्यांहून या भट्ट्या वेगळ्या होत्या. त्यांचा गाभा जाड पोलादी दाबपात्रात बंदिस्त असतो.

गाभ्यातून सुटणारे वेगवान न्यूट्रॉन वर्षानुवर्षे या पोलादावर आदळतात. त्यांच्या माऱ्याने धातूतील अणू जागचे हलतात आणि पोलाद हळूहळू ठिसूळ होते. अशा पात्रावर अचानक थंड पाणी पडले तर तडा जाण्याचा धोका संभवतो. म्हणून पात्राच्या भिंतीवर आजवर एकूण किती न्यूट्रॉन आदळले, हे ठाऊक असणे अनिवार्य ठरते. परंतु भिंतीच्या आत मापक ठेवता येत नाही. मग गाभ्यातील इंधनाची मांडणी, मधले पाणी आणि पोलादाची जाडी लक्षात घेऊन गणित करावे लागते. त्या गणिताचा पडताळा घेण्यासाठी पात्रालगत लोखंड, तांबे, निकेल अशा धातूंच्या तारा ठेवतात. न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यांत जो किरणोत्सार निर्माण होतो, त्यावरून माऱ्याचे प्रमाण कळते. त्याच जातीच्या पोलादाचे नमुनेही आत ठेवून ठरावीक वर्षांनी बाहेर काढतात आणि तोडून पाहतात. तारापूरच्या अशा नमुन्यांची तपासणी तुर्भ्याला झाली. विश्वकिरणांचा वर्षाव आणि न्यूट्रॉनचा प्रवास यांचे भौतिकशास्त्र वेगळे, कारण न्यूट्रॉन पोलादात तशी साखळी निर्माण करीत नाहीत. प्रश्नाची जात मात्र तीच : इतक्या जाडीच्या पलीकडे किती पोहोचले?

हे गणित केवळ वीजकंपनीने करून भागत नाही. तिची पद्धत त्रयस्थाने तपासावी लागते. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने मार्च २००१ मध्ये या पद्धतींसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पात्रावरील माऱ्याच्या अंदाजातील अनिश्चितता २० टक्क्यांच्या आत असावी, आणि गणित प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिलेले असावे, असे तिचे सूत्र. हा अंदाज चुकला, तर पात्राच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाजही चुकतो.

राखणदार कोणाचा?

येथेच भाभांच्या वारशातील पेच समोर येतो. भट्टी बांधणारा, चालवणारा आणि तिची सुरक्षा तपासणारा, हे तिघेही त्यांच्या रचनेत एकाच छत्राखाली होते. आयोगाचे अध्यक्ष, अणुऊर्जा खात्याचे सचिव आणि तुर्भ्याच्या केंद्राचे संचालक ही तिन्ही पदे भाभांकडेच होती. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सुरक्षेसाठी नियम करण्याचे अधिकार सरकारला दिले, त्याच कायद्याने माहितीवर गुप्ततेचे कडेही घातले. मूठभर तज्ज्ञ असलेल्या नवस्वतंत्र देशात याहून वेगळे करणे कठीण होते, हे मान्य करावे लागेल. स्वतः भाभांचा दरारा आणि शास्त्रीय काटेकोरपणा हीच त्या काळची हमी होती. परंतु व्यक्तीची हमी व्यक्तीबरोबरच संपते.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे विमान माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले आणि ५६ व्या वर्षी भाभांचे निधन झाले. पुढील वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. स्वतंत्र छाननीची व्यवस्था मात्र टप्प्याटप्प्याने आली. नोव्हेंबर १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, त्याची कचेरी तुर्भ्यालगतच्या अणुशक्तीनगरात उभी राहिली. पण हे मंडळ ज्या आयोगाला उत्तरदायी होते, त्याच्या अध्यक्षपदी अणुऊर्जा खात्याचे सचिवच असत. १९९५ मध्ये मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी सुरक्षेचे सुमारे १३० मुद्दे नोंदवले. २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रच मंडळाच्या कक्षेबाहेर काढण्यात आले. २०११ साली संसदेत मांडलेले स्वायत्त नियामकाचे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर रद्दबातल झाले. दरम्यान २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनीही मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानावर बोट ठेवले होते.

मंडळाने काम केले नाही, असे नव्हे. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांचा सर्वंकष आढावा घेऊन २००५-०६ मध्ये संच बंद ठेवून सुधारणा करवून घेतल्या गेल्या, त्यानंतरच त्या पुढे चालवण्यास अनुमती मिळाली. ‘सायरस’ २०१० च्या अखेरीस कायमची थांबली. ‘अप्सरा’ २००९ मध्ये बंद झाली आणि नव्या रूपात १० सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा सुरू झाली.

तुर्भ्याच्या टेकडीपलीकडे आज चेंबूर, गोवंडी, मानखुर्द, घाटकोपरची दाट वस्ती पसरली आहे. भाभांनी जागा निवडली तेव्हा ती नव्हती. एखाद्या पात्राच्या पोलादाविषयीचा अंदाज बरोबर की चूक, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा उरत नाही. भौतिकशास्त्रज्ञ भाभांचे सिद्धांत इतरांनी प्रयोगाने पडताळल्यावरच मान्य झाले. तोच दंडक त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेलाही लावणे, यात त्यांचा अनादर नाही. उलट, शास्त्रज्ञ भाभांना तो सर्वांत आधी पटला असता.