सर हॅरॉल्ड गिलीज : भग्न मुखांस रूप देणारे शल्यविशारद

मनुष्यदेहास अनेक व्यथा जडतात. परंतु मुखाचा भंग ही व्यथा केवळ देहापुरती राहत नाही. हातापायाचे व्यंग वस्त्राखाली झाकता येते. नाक, ओठ वा हनुवटी गमावलेला मनुष्य मात्र स्वतःच्या लेकरांसमोर येण्यासही कचरतो. अशा हजारो सैनिकांस पुन्हा माणसांत आणणाऱ्या सर हॅरॉल्ड गिलीज यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस उद्बोधक वाटेल, म्हणून ते येथे संक्षेपाने देत आहे.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठ व लंडनचे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय येथे त्यांचे शिक्षण झाले. नौकाशर्यत व गॉल्फ या खेळांतही ते प्रवीण होते. नाक, कान व घसा यांचे शल्यविशारद म्हणून त्यांचा जम बसत असतानाच पहिले महायुद्ध पेटले.

१९१५ मध्ये ते फ्रान्समध्ये रुग्णसेवेस गेले. खंदकातून डोके वर काढताच तोफगोळ्यांचे तुकडे सैनिकांची तोंडे फोडीत. तेथे व्हालादिए नावाचे दंतवैद्य जबड्यांची दुरुस्ती करीत, ती गिलीज यांनी पाहिली. पॅरिसमध्ये मोरेस्तँ यांचे शस्त्रकौशल्यही पाहिले. हेच आपले कार्य, असा त्यांचा निश्चय झाला. जानेवारी १९१६ मध्ये ऑल्डरशॉट येथील लष्करी रुग्णालयात त्यांना स्वतंत्र विभाग मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये सोमची लढाई जुंपली. दोनशे जखमींची तयारी ठेवली होती. आले सुमारे दोन हजार! तेव्हा १९१७ मध्ये सिडकप येथे केवळ मुखाच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उघडण्यात आले. तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

एका जागची त्वचा दुसरीकडे नेऊन अवयव घडविण्याची कला आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आढळते. टिपूने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास पुण्याजवळच्या वीट पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नवे नाक करून दिले. १७९४ मध्ये हे वृत्त लंडनच्या मासिकात छापून आले आणि १८१४ मध्ये कार्प्यू यांनी तेथे तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळावरून त्वचा वळविण्याची ती रीत गिलीज यांनीही वापरली. परंतु त्यांच्यापुढील जखमा नाकापुरत्या नव्हत्या, अर्धे मुखच नाहीसे झालेले असे.

या कार्यात त्यांना अपयशही आले. विमान-अपघातात भाजलेल्या लम्ली नावाच्या तरुणाच्या मुखावर त्यांनी छातीवरील त्वचेचा मोठा भाग एकाच वेळी बसविला. त्यात जंतुदोष झाला आणि १९१८ मध्ये तो तरुण दगावला. या घटनेपासून त्यांनी धडा घेतला. मागील जखम पक्की भरल्यावाचून पुढील पाऊल टाकावयाचे नाही, हा त्यांचा दंडक झाला. तत्पूर्वी, १९१७ मध्ये, एका भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना सोडविलेल्या त्वचेच्या कडा आत वळत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी त्या एकमेकींस शिवून त्वचेची नळीच केली. आतील भाग झाकला गेल्याने जंतुदोष कमी झाला व रक्तपुरवठाही टिकला. ओडेसाचे फिलातोव्ह यांनी ही युक्ती स्वतंत्रपणे योजिली होती. तथापि मुखाच्या शस्त्रक्रियेत तिचा व्यापक उपयोग केला तो गिलीज यांनी.

त्यांचा याहून मोठा गुण म्हणजे ज्ञान एकट्यापाशी न ठेवणे. दंतवैद्य त्यांच्या बरोबरीने काम करीत. चित्रकार हेन्री टाँक्स अनेक जखमी मुखांची शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची चित्रे काढीत. मॅगिल व रोबॉथम यांनी तेथेच श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शल्यवैद्यांची पथके तेथे एकमेकांचे पाहून शिकली. १९२० मध्ये गिलीज यांनी हा सारा अनुभव सचित्र ग्रंथात मांडला. १९३० मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्यांचे आप्त मॅकिंडो त्यांच्याच हाताखाली तयार झाले व दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे आधार ठरले. १९४६ मध्ये ब्रिटिश प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचे पहिले अध्यक्षपद गिलीज यांना लाभले. १० सप्टेंबर १९६० रोजी ते निवर्तले.

पुण्याजवळच्या त्या कारागिराचे कसब थोर होते, पण त्या वृत्तात त्याचे नावही नाही. गिलीज यांनी आपले यश लिहिले, चित्रित केले आणि शिष्यांच्या हाती दिले. म्हणूनच ती विद्या त्यांच्यामागेही वाढत राहिली. आपल्या कुटुंबांतही पिढ्यान्‌पिढ्यांची कितीतरी कौशल्ये आहेत. जाणत्यांनी ती लिहून ठेवावीत, तरुणांनी ती विनयाने शिकावीत व पुढे शिकवावीत. विद्या दिल्यानेच टिकते, हाच या चरित्राचा बोध होय.